छांगू सरोवर : चढणीइतकीच परतीची सहल

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. सिक्कीमची राजधानी गंगटोक वसली आहे तीही जवळजवळ याच उंचीवर. गंगटोकच्या हॉटेलात सकाळचा चहा घेणारा मराठी पर्यटक उंचीच्या हिशेबाने कळसूबाईच्या माथ्यावरच बसलेला असतो. त्याच दिवशी दुपारच्या आत त्याला आणखी २,१०० मीटर वर नेले जाते आणि संध्याकाळी पुन्हा खाली आणून सोडले जाते. छांगू सरोवराची एका दिवसाची सहल ती हीच. सिक्कीमला जाणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमपत्रिकेत ती असतेच, आणि अनेकांना आयुष्यातला पहिला बर्फ दिसतो तोही याच रस्त्यावर.

स्थानिक भुतिया भाषेत या सरोवराचे नाव त्सोम्गो. 'त्सो' म्हणजे सरोवर आणि 'म्गो' म्हणजे माथा किंवा उगम. पर्यटकांच्या आणि वाहनचालकांच्या तोंडी मात्र छांगू हेच नाव रुळले आहे. समुद्रसपाटीपासून ३,७५३ मीटर, म्हणजे १२,३१३ फूट उंचीवरचे हे हिमनदीजन्य सरोवर गंगटोकपासून सुमारे ३८ किलोमीटरवर आहे. लांबी एक किलोमीटरपेक्षा थोडी कमी, आकार लांबट गोल, खोली सर्वाधिक असेल तिथे पंधरा मीटरच्या आसपास. भोवतालच्या उतारांवरचे वितळणारे बर्फ आणि पावसाचे पाणी त्यात उतरते, आणि त्यातून निघणारा लुंग्त्से छू हा प्रवाह पुढे रोंगपो छूला मिळून अखेरीस तीस्तेच्या पाण्यात जातो. हिवाळ्यात सरोवर गोठते; वसंत उलटून गेला तरी काठावर बर्फ रेंगाळत असते. भारतीय टपाल खात्याने २००६ मध्ये हिमालयातील सरोवरांवर तिकिटांचा संच काढला, त्यात चंद्रताल, रूपकुंड, सेला आणि त्सोमोरिरी यांच्या जोडीला छांगूलाही स्थान मिळाले.

सिक्कीमच्या लोकांसाठी हे सरोवर पवित्र आहे. पूर्वी लामा त्याच्या पाण्याचा रंग पाहून येणाऱ्या वर्षाचे भाकीत करीत आणि पाणी काळपट दिसले तर राज्यावर संकट येणार असे मानीत, अशी परंपरा सांगितली जाते. आणखी एका आख्यायिकेनुसार हे सरोवर मुळात इथले नव्हेच. ते काही मैल दूर लातेन नावाच्या ठिकाणी होते. आजच्या जागी याकपालकांची वस्ती होती. तिथल्या एका वृद्ध स्त्रीला सरोवर इथे येणार असल्याचे स्वप्न पडले. तिने सर्वांना जागा सोडायला सांगितले, पण कोणी ऐकले नाही आणि वस्ती पाण्याखाली गेली. डोंगराने आधी सूचना दिली होती आणि माणसांनी ती मानली नाही, असा या कथेचा गाभा आहे. या रस्त्याचा अलीकडचा इतिहास वाचताना ती पुन्हा आठवावी अशीच आहे. श्रावणातील पौर्णिमेच्या सुमारास झाक्री, म्हणजे मंत्रोपचार करणारे पारंपरिक वैदू, आजही सरोवराकाठी जमतात.

गंगटोकहून निघालेला रस्ता जवाहरलाल नेहरू मार्ग म्हणून ओळखला जातो. भूतानला जाताना पंडित नेहरू १९५८ मध्ये याच दिशेने नाथू ला खिंड ओलांडून गेले होते. रस्त्यावरच्या ठिकाणांना आजही गंगटोकपासूनच्या मैलांचीच नावे आहेत : तिसरा मैल, तेरावा मैल, पंधरावा मैल, सतरावा मैल. किलोमीटरचे दगड कधीच लागले, तरी चालक आणि जवान बोलतात ते मैलांतच. तिसऱ्या मैलावरच्या चौकीत परवाने तपासले जातात आणि तिथून चढण अंगावर येऊ लागते. वाटेत क्योंगनोस्ला अभयारण्याचा परिसर लागतो. क्षेत्रफळ अवघे ३१ चौरस किलोमीटर, पण उन्हाळ्यात ऱ्होडोडेंड्रॉन, प्रिम्युला आणि निळ्या-पिवळ्या पॉपींनी बहरणारे. सिक्कीमचा राज्यप्राणी असलेला लाल पांडा याच जंगलांत राहतो, मात्र तो पर्यटकांच्या गाड्यांना सहसा दर्शन देत नाही. झाडे मागे पडून उघडे खडक सुरू झाले, की सरोवर जवळ आले असे समजावे.

हा प्रदेश चीनच्या सीमेला लागून असल्याने परवान्याशिवाय प्रवेश नाही. परवाना नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फत काढावा लागतो, गाडी सिक्कीममध्ये नोंदलेली असावी लागते आणि ती चालवणारा स्थानिक चालक हाच बहुतेक वेळा वाटाड्याही असतो. परदेशी नागरिकांचे नियम आणखी कडक आहेत. त्यांना संस्थेच्या मार्गदर्शकासह गटानेच जावे लागते आणि नाथू लापर्यंत जाण्याची मुभा नाही. परवानगीवाचून या सीमेकडे फिरणाऱ्यांशी सिक्कीमचे जुने वाकडे आहे. विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर आणि दार्जिलिंगचे अधिकारी आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांना १८४९ मध्ये याच पर्वतरांगेतील चो ला खिंडीच्या परिसरात दरबाराच्या माणसांनी अडवून अटकेत ठेवले होते. त्याचे पर्यवसान पुढे इंग्रजांनी सिक्कीमचा प्रदेश बळकावण्यात झाले, ही गोष्ट वेगळी.

आजचा पर्यटक परवान्याकडे सरकारी सोपस्कार म्हणून पाहतो. तो संस्थेने काढायचा, चालकाने चौकीत दाखवायचा, आपण खिडकीतून बर्फ शोधायचे. वास्तविक त्या कागदावर त्या दिवशी कुठपर्यंत जाता येईल हे ठरलेले असते, आणि ते हवामान पाहून रोज बदलू शकते. ४ एप्रिल २०२३ रोजी भर दुपारी पंधराव्या मैलाजवळ हिमकडा कोसळला आणि सात पर्यटकांचा बळी गेला. चौकीच्या अधिकाऱ्यांनी नंतर दिलेल्या माहितीनुसार त्या दिवशीचे परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते. पुढचे दोन मैल गाड्या परवानगीवाचून गेल्या होत्या. बर्फ आणखी थोडे वर आहे, एवढेच कारण अशा वेळी पुरेसे होते. चालकाने नकार द्यावा, तर गाडीतल्यांचा हिरमोड होतो. त्यांनी हजारो रुपये मोजलेले असतात आणि सुट्टी संपत आलेली असते. 'आणखी थोडे पुढे' ही विनंती या रस्त्यावर निरुपद्रवी नसते.

हिमकडा क्वचित कोसळतो. उंचीचा प्रश्न मात्र प्रत्येक गाडीत असतो आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण छांगूलाही मुंबईइतकेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. छांगूच्या काठावर तो समुद्रसपाटीच्या दाबाच्या पासष्ट टक्क्यांच्या आसपास भरतो आणि नाथू लाला त्याहून कमी. म्हणजे तेवढाच श्वास घेतला तरी फुप्फुसांत पोहोचणारा प्राणवायू एक-तृतीयांशाने घटलेला असतो. शरीर श्वासाचा आणि नाडीचा वेग वाढवून ही तूट भरून काढू पाहते. जिना चढल्यासारखा दम लागणे, डोके जड होणे, किंचित मळमळ एवढे बहुतेकांना होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

उंचीचा खरा आजार सहसा पोहोचल्या पोहोचल्या येत नाही. त्याची लक्षणे साधारणतः सहा ते बारा तासांनी दिसू लागतात आणि रात्रीच्या झोपेत बळावतात. म्हणूनच गिर्यारोहणात दिवसा किती वर चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याला अधिक महत्त्व आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. या दंडकाने पाहिले तर छांगूची सहल एक सवलत घेऊन चालते : ती २,१०० मीटर एका दमात चढते, पण सरोवराकाठी मुक्काम करीत नाही. आजार अंगात उतरण्याआधीच गाडी गंगटोकला परतलेली असते. दरवर्षी ज्येष्ठ नागरिकांपासून शाळकरी मुलांपर्यंत मोठ्या संख्येने पर्यटक कोणतीही पूर्वतयारी न करता छांगूला जाऊन सुखरूप येतात, ते त्यांच्या प्रकृतीमुळे कमी आणि वेळेवर परत निघणाऱ्या गाडीमुळे अधिक.

हे ध्यानात घेतले, की परत येण्याचा रस्ता बंद होणे ही घटना किती गंभीर आहे ते कळते. २८ डिसेंबर २०१८ रोजी अचानक झालेल्या जोरदार हिमवृष्टीत नाथू ला आणि छांगूहून परतणाऱ्या शेकडो गाड्या अडकल्या. अडीच हजारांहून अधिक पर्यटकांना सैन्याने बाहेर काढले. जवानांनी आपल्या बराकी आणि अंथरुणे रिकामी करून त्यांना रात्रीचा निवारा दिला. मार्च २०२३ मध्येही शेकडो पर्यटकांना याच रस्त्यावरून सैन्याने सोडवले. अशा रात्री थंडीची चर्चा अधिक होते. मात्र त्या माणसांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट घडलेली असते : गंगटोकला झोपायचे ठरलेले शरीर, तयारी नसताना, त्याहून कितीतरी उंचावर झोपते. बरोबर तान्हे मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर हा फरक फार मोठा ठरतो.

चालक दुपारी दोनच्या सुमारास घाई करू लागतो, त्यामागे हे कारण आहे. डोंगरात दुपारनंतर ढग उतरतात, वितळलेले बर्फ रस्त्यावर पुन्हा गोठू लागते आणि वळणावर गाडीची चाके घसरतात. 'सकाळी उशिरा निघालो, तर संध्याकाळी उशिरा येऊ' हा मैदानी हिशेब इथे चालत नाही. सकाळी दहाच्या आत चौकी ओलांडावी, असा आग्रह त्यासाठीच असतो.

सरोवराकाठी पोहोचल्यावर सहलीचे परिचित चित्र दिसते. गमबूट आणि जाड कोट भाड्याने देणारी दुकाने, वाफाळते मोमो आणि मॅगी, शिंगांना रंगीत लोकरीचे गोंडे बांधलेले याक. पाठीवर बसून छायाचित्र काढून घेण्यासाठी रांग लागते. काठाजवळून वर जाणारा रज्जुमार्गही आहे आणि वरून दिसणारे दृश्य खरोखर विलोभनीय असते. मात्र ज्यांना खालीच दम लागला आहे त्यांनी आणखी उंचीचा मोह टाळलेला बरा. लहान मुले बर्फ दिसताच धावत सुटतात आणि अर्ध्या तासात मलूल होऊन आईच्या मांडीवर येतात. इथे पहिली पंधरा मिनिटे केवळ सावकाश चालण्यात घालवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मराठी पर्यटकांच्या पिशवीत हमखास सापडणारी वस्तू म्हणजे कापराची डबी. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, थोडा धीरही येतो. रक्तातील प्राणवायू मात्र त्याने वाढत नाही. प्राणवायूच्या छोट्या डब्यांचेही तेच. त्या काही मिनिटे पुरतात, आणि त्या मिनिटांचा उपयोग गाडीत बसून खाली निघण्यासाठी केला तरच त्यांना अर्थ आहे. बसल्या जागी धाप लागणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही लक्षणे दिसली तर 'थोडा वेळ बसू, बरे वाटेल' असे म्हणत थांबू नये. खाली उतरणे हाच उपचार आहे, आणि या सहलीत त्यासाठी गाडी हाताशी उभी असते. हिमालयातल्या फार थोड्या ठिकाणी ही सोय मिळते. उंचीवरील आजाराच्या प्रतिबंधासाठी डॉक्टर काही वेळा गोळ्या देतात. त्या स्वतःच्या मनाने किंवा सहप्रवाशाकडून मागून घेऊ नयेत, कारण काहींना त्या चालत नाहीत. गर्भवती स्त्रिया, हृदय किंवा फुप्फुसांचा विकार असलेले आणि तीव्र रक्तक्षय असलेले यांनी निघण्याआधी घरच्या डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

कार्यक्रमपत्रिकेत छांगूच्या पुढे बहुधा आणखी दोन नावे असतात : बाबा मंदिर आणि नाथू ला. बाबा हरभजन सिंग हे पंजाब रेजिमेंटचे जवान. १९६८ मध्ये नाथू लाच्या परिसरात त्यांचा मृत्यू झाला. ते आजही सीमेवर पहारा देतात अशी जवानांची श्रद्धा आहे. अनेक वर्षे दर सप्टेंबरात त्यांच्या नावाने गावाकडे जाणाऱ्या रेल्वेत जागा राखून ठेवली जात असे. रुग्णाच्या नावाने पाण्याची बाटली तिथे ठेवायची आणि काही दिवसांनी ते पाणी तीर्थ म्हणून द्यायचे, अशीही प्रथा आहे. नाथू ला ४,३१० मीटरवर आहे. १९६७ च्या सप्टेंबरात इथे भारत आणि चीनच्या सैन्यांत चकमक झाली. १९६२ पासून बंद असलेला व्यापारी मार्ग ६ जुलै २००६ रोजी पुन्हा उघडला आणि २०२० मध्ये व्यापार थांबला. खिंडीत छायाचित्रणास मनाई आहे. नाथू लाचा परवाना वेगळा असतो, त्याचे शुल्क वेगळे असते आणि गाड्यांची संख्या मर्यादित असते. सोमवार-मंगळवार खिंड पर्यटकांसाठी बंद ठेवण्याचा प्रघात आहे. सहलीच्या एकूण रकमेत नाथू ला धरले आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे. गंगटोकमधील निम्मी भांडणे याच मुद्द्यावरची असतात.

ज्यांना खरोखर सरोवरेच पाहायची आहेत त्यांच्यासाठी नाथू लापेक्षा दुसरी दिशा अधिक फलदायी आहे. बाबा मंदिराच्या पुढे रस्ता जेलेप ला खिंडीच्या पायथ्याकडे वळतो. १९०४ मध्ये यंगहजबंडची सशस्त्र मोहीम ल्हासाकडे गेली ती याच खिंडीच्या वाटेने. खाली दरीत मेमेंचो सरोवर आहे; ट्राउट माशांसाठी ते प्रसिद्ध आहे. पुढे कुपुपजवळचे सरोवर वरून पाहिले असता सोंड पसरून बसलेल्या हत्तीसारखे दिसते, म्हणून त्याला 'एलिफंट लेक' हे नाव पडले. छांगूच्या काठावर असतो तो गलबला इथे नाही. मात्र परवान्याची हद्द, हवामान आणि परतीला लागणारा वेळ या तिन्ही बाबी इथे अधिकच घट्ट होतात, आणि एका दिवसात छांगू, नाथू ला आणि कुपुप असे सर्व उरकण्याच्या नादात एकही ठिकाण धड पाहून होत नाही.

उत्तर सिक्कीममधील गुरुडोंगमार सरोवराची सहलही एका दिवसाचीच, पण तिची जात वेगळी आहे. सुमारे २,७०० मीटरवरच्या लाचेन गावातून पहाटे चारच्या सुमारास गाड्या निघतात आणि काही तासांत १७ हजार फुटांहून अधिक उंची गाठतात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. गुरू पद्मसंभवांच्या स्पर्शाने या सरोवराचा एक भाग कडाक्याच्या हिवाळ्यातही गोठत नाही, अशी श्रद्धा आहे. दुपारी वारा इतका जोर धरतो की त्याआधी निघावेच लागते. छांगूला ज्यांना त्रास झाला त्यांनी गुरुडोंगमारचा विचार सोडून द्यावा. लहान मुलांना तर तिथे नेऊच नये. शिवाय ३ आणि ४ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटले, चुंगथांगचे धरण वाहून गेले आणि उत्तर सिक्कीमचे रस्ते उद्ध्वस्त झाले. त्यानंतरच्या पावसाळ्यांतही लाचेनचा मार्ग पुन्हा पुन्हा तुटला आहे, त्यामुळे तिथला बेत आखण्याआधी रस्ता त्या आठवड्यात खुला आहे काय हे पाहणे अनिवार्य ठरते.

पर्यटकांची गर्दी वाढली तसा छांगूच्या काठावर कचराही वाढला. सरोवर-संवर्धनासाठी सिक्कीम सरकारने २००६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आखली आणि त्यानुसार स्थानिक दुकानदार, याकवाले व वनविभाग यांची त्सोम्गो पोखरी संरक्षण समिती उभी राहिली. पर्यटकांकडून अल्प शुल्क घेऊन ती परिसराची सफाई पाहते. पाण्यावर ज्यांचे पोट आहे त्यांच्याच हाती पाण्याची राखण देण्याचा हा प्रयोग इतर राज्यांनी पाहण्यासारखा आहे. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी रविवारी संध्याकाळी फेरी मारणाऱ्यास त्याची गरज वेगळी सांगायला नको. १ जानेवारी २०२२ पासून सिक्कीममध्ये बाटलीबंद पाण्यावर बंदी आहे आणि जुलै २०२४ पासून पर्यटक वाहनांत कचऱ्याची पिशवी ठेवणे सक्तीचे झाले आहे.

कसे जाल?

मुंबई-पुण्याहून विमानाने बागडोगरा किंवा रेल्वेने न्यू जलपाईगुडी गाठावे. तिथून गंगटोक सुमारे सव्वाशे किलोमीटर असून तीस्तेच्या काठाने जाणारा हा महामार्ग पावसाळ्यात वारंवार खचतो. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी छांगूचा बेत ठेवू नये. एक दिवस मोकळा हाताशी असावा. मार्च अखेर ते मेपर्यंत बर्फ आणि फुले यांचा मेळ साधतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश निरभ्र असते, बर्फ मात्र मिळेलच असे नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सरोवर गोठलेले असते, पण रस्ता बंद राहण्याची शक्यताही याच काळात अधिक. पर्यटन संस्था सोयीसाठी छांगू दुसऱ्याच दिवशी ठेवतात. लाचुंग किंवा लाचेनच्या उंचीवर एक-दोन रात्री काढून मग छांगूला जाणे शरीराला अधिक मानवते. परवान्यासाठी पारपत्र आकाराची छायाचित्रे आणि मतदार ओळखपत्र किंवा पारपत्र यांची प्रत आदल्या दिवशी दुपारपर्यंत संस्थेकडे द्यावी. लहान मुलांच्या जन्मदाखल्याची प्रत बरोबर ठेवावी. सोबत लोकरीचे कपडे, हातमोजे, गडद चष्मा, गरम पाण्याचा थर्मास आणि हलका खाऊ असावा. आदल्या रात्री मद्यपान टाळावे, सकाळी पोटभर नव्हे पण काहीतरी खाऊन निघावे. चौकीत परवाना दाखवला जाईल तेव्हा त्यावर त्या दिवशीची हद्द कोणत्या मैलापर्यंतची आहे, ते चालकाला विचारून घ्यावे.